पानावर १२० बटणं आहेत, कोणतं दाबलं हे ओळखायचं कसं?

पहिलीपायरी:
नमस्कार मंडळी. जावास्क्रिप्ट शिकायला लागून दोन महिने झाले. सरावासाठी घरातल्या पुस्तकांची यादी दाखवणारं एक पान करतेय. यादीत ४० पुस्तकं आहेत आणि प्रत्येकासमोर तीन बटणं: 'वाचलं', 'आवडलं', 'काढा'. म्हणजे १२० बटणं झाली.

आधी प्रत्येक बटणाला वेगळा आयडी दिला आणि प्रत्येकासाठी वेगळं फंक्शन लिहायला घेतलं. पाचव्या पुस्तकापाशी हात थांबला, हे काही खरं नाही असं वाटलं. मग सगळ्या 'काढा' बटणांना एकच आयडी दिला, तर फक्त पहिलं बटण चालू. आयडी काढून क्लास दिला, क्वेरीसिलेक्टरऑलने सगळी बटणं गोळा केली आणि त्यावरच ॲडइव्हेंटलिसनर (क्लिक झाला की फंक्शन चालवणारा) लावला. कन्सोलमध्ये लाल अक्षरांत आलं की ॲडइव्हेंटलिसनर हे फंक्शनच नाही. शेवटी फॉर लूप लिहिला. एरर गेली, पण आता कुठलंही बटण दाबलं तरी आय (लूपच्या फेऱ्या मोजणारं व्हेरिएबल) ४० दाखवतो. पहिलं दाबा, सतरावं दाबा, ४०च. आणि ४० क्रमांकाचं पुस्तक ॲरेत नाहीच, मोजणी शून्यापासून असल्याने शेवटचं ३९ आहे.

दोन संध्याकाळी यातच गेल्या. माझं नेमकं कुठे चुकतंय?

कंसातला:
तुमच्या तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे त्या वेगळ्याच बघू. आयडी पानावर एकदाच यायला हवा. तो दहा ठिकाणी दिला तरी गेटएलिमेंटबायआयडी पहिल्या घटकाशी थांबतं, म्हणून पहिलंच बटण चाललं. क्वेरीसिलेक्टरऑल तुमच्या हातात बटण देत नाही, बटणांची यादी देतं. त्या यादीला नोडलिस्ट म्हणतात. लिसनर बटणाला लावता येतो, यादीला लावता येत नाही. तिथे लूप हवाच होता, तो तुम्ही बरोबर लिहिलात.

आता लूपबद्दल एकच प्रश्न: आय घोषित करताना व्हार लिहिलंय की लेट?

पहिलीपायरी:
व्हार. ज्या व्हिडिओवरून शिकतेय त्यात सगळीकडे व्हारच आहे.

रात्रपाळी:
मग दुखणं तिथेच आहे. ही गोष्ट समजायला मला स्वतःला बराच वेळ लागला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लूप फिरताना तुम्ही ४० छोटी फंक्शनं तयार करून बटणांच्या हवाली करता. त्यातलं एकही त्या वेळी चालत नाही. ती चालणार क्लिक झाल्यावर, म्हणजे दोन सेकंदांनी किंवा दहा मिनिटांनी. आणि फंक्शन तयार होताना आयची त्या क्षणाची किंमत लिहून ठेवत नाही. ते आय या व्हेरिएबललाच धरून ठेवतं. व्हारने घोषित केलेला आय सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असतो. लूप पहिल्या क्लिकच्या कितीतरी आधी संपलेला असतो आणि तो संपतोच मुळी आय ४० झाल्यावर, कारण '४० पेक्षा कमी' ही अट खोटी ठरल्याशिवाय तो थांबत नाही. मग क्लिक होतो, फंक्शन आयकडे बघतं आणि त्याला ४० दिसतात. चाळीसही फंक्शनं एकाच पाटीकडे बघतायत आणि पाटीवर शेवटी लिहिलेला आकडा आहे.

लेट लिहिलंत की प्रत्येक फेरीला आय नवा तयार होतो. तिसऱ्या फेरीतल्या फंक्शनकडे तिसऱ्या फेरीचाच आय राहतो. लेट भाषेत आलं २०१५च्या आवृत्तीत. त्याआधी हेच साधण्यासाठी लूपच्या आत आणखी एक फंक्शन लिहून ते तिथल्या तिथे चालवावं लागायचं. जुन्या कोडमध्ये कंसांची ती विचित्र रांग दिसली तर घाबरू नका, ती याच कामाची आहे.

लूपऐवजी नोडलिस्टवर थेट फॉरईच चालवलंत तर आयची भानगडच उरत नाही. तिथे प्रत्येक बटणासाठी फंक्शन नव्याने बोलावलं जातं आणि बटण हातात येतं. फक्त गेटएलिमेंट्सबायक्लासनेम वापरू नका. ते वेगळ्या जातीची यादी देतं आणि तिच्यावर फॉरईच नसतं.

पहिलीपायरी:
व्हारचं लेट केलं. एक शब्द बदलला आणि प्रत्येक बटण आपापला क्रमांक सांगू लागलं! खूप खूप आभार. 'पाटी' डोक्यात पक्की बसली.

जुनाजाणता:
चाललं हे छान झालं, पण इथेच थांबू नका. तिसरं पुस्तक काढून बघा आणि मग त्याच्या खालच्या पुस्तकाचं 'काढा' दाबा.

पहिलीपायरी:
भलतंच पुस्तक गेलं! मी दाबलं एकाला, गेलं त्याच्या खालचं.

जुनाजाणता:
कारण बटणाने लक्षात ठेवलेला आकडा ही पुस्तकाची ओळख नव्हती, ती पुस्तकाची त्या वेळची जागा होती. मधलं एक गेलं की ॲरेतली पुढची सगळी एकेक घर वर सरकतात. बटणांकडे मात्र जुने आकडेच राहतात. लूपचा आकडा क्लिकमध्ये वापरायची सवय लागायच्या आत सोडलेली बरी, असं माझं मत आहे.

प्रत्येक पुस्तकाला स्वतःचा कायमचा क्रमांक द्या. तो एचटीएमएलमध्ये त्याच्या ओळीवरच लिहा, डेटा-आयडी अशा ॲट्रिब्यूटमध्ये. डेटा आणि आडवी रेघ यांनी सुरू होणारी ॲट्रिब्यूटं आपल्या माहितीसाठी मोकळी ठेवलेली आहेत, आणि जावास्क्रिप्टमध्ये ती डेटासेटमधून वाचता येतात. बटणावर तसंच डेटा-कृती लिहा: वाचलं, आवडलं की काढा. मग क्लिक झाल्यावर बटणालाच विचारायचं की तू कुणाचं आणि तुझं काम काय.

एका गोष्टीवर हमखास अडखळायला होतं, म्हणून आताच सांगतो. डेटासेटमधून येणारी प्रत्येक किंमत स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते. तुमच्या ॲरेत क्रमांक ७ हा आकडा असेल आणि बटणाकडून '७' हे अक्षररूप आलं, तर तीन बरोबरच्या चिन्हांनी केलेली तुलना खोटी ठरते. पुस्तक सापडत नाही आणि एररही येत नाही. आधी नंबर फंक्शनने आकडा करून घ्या.

निळीशाई:
एक शंका विचारते. एचटीएमएलमध्येच प्रत्येक बटणावर ऑनक्लिक लिहून कंसात क्रमांक दिला तर? मी छोट्या पानांवर तसंच करते आणि चालतं.

जुनाजाणता:
चालतं. पण ऑनक्लिकमधलं फंक्शन ग्लोबल, म्हणजे पानावर सगळीकडून दिसणारं, असावं लागतं. उद्या स्क्रिप्टला मॉड्यूल (आपली नावं स्वतःपुरती ठेवणारी फाइल) केलंत की तेच फंक्शन बटणाला दिसेनासं होतं आणि सगळी बटणं एकदम गप्प होतात. शिवाय ज्या साइटवर कडक सुरक्षा धोरणाचा हेडर असतो, तिथे ब्राउझर असा एचटीएमएलमध्ये लिहिलेला कोड चालवतच नाही. आणि क्रमांकाऐवजी पुस्तकाचं नाव पाठवायची वेळ आली की नावातलं एखादं अवतरण चिन्ह सगळी ओळ मोडून टाकतं. मी नव्या पानात ते वापरत नाही.

पहिलीपायरी:
डेटा-आयडी आणि डेटा-कृती दोन्ही केलं. आता योग्य तेच पुस्तक जातं. नंबर फंक्शनचं सांगितलं नसतं तर तिथे नक्की अडकले असते.

पण पुढे गेले तर नवंच संकट. नवीन पुस्तक जोडायला एक खाना आणि 'जोडा' बटण ठेवलं. क्रिएटएलिमेंटने ओळ तयार करते आणि यादीला जोडते. नव्या ओळीची बटणं मुकी. मग ओळ जोडल्यावर लिसनर लावणारा लूप पुन्हा चालवला. नव्या ओळीचं 'आवडलं' चाललं, पण जुन्या सगळ्यांचं बंद पडलं! आणखी एक पुस्तक जोडलं तर जुन्या ४०चं परत चालू, पण मघाशी जोडलेल्याचं बंद. हे एकाआड एक कसं काय? काहीही अर्थ लागत नाहीये.

कंसातला:
हा तर फार शिकवणारा बग आहे. हातात कागद घ्या आणि प्रत्येक ओळीच्या 'आवडलं' बटणावर किती लिसनर आहेत ते लिहा.

सुरुवातीला ४० जुन्या ओळींवर एकेक. पहिलं नवं पुस्तक जोडून लूप चालवला, तेव्हा जुन्यांवर दोन दोन झाले आणि नव्यावर एक. 'आवडलं' हे बटण उलटापालट करतं, म्हणजे हृदय भरलेलं असेल तर रिकामं आणि रिकामं असेल तर भरलेलं. दोन लिसनर म्हणजे एका क्लिकमध्ये भरलं आणि लगेच रिकामं झालं. तुम्हाला वाटलं बंद पडलं. प्रत्यक्षात ते दोनदा चाललं. दुसरं पुस्तक जोडल्यावर जुन्यांवर तीन झाले, भरलं-रिकामं-भरलं, म्हणून परत चालू. आणि मघाच्या नव्यावर दोन झाले, म्हणून ते बंद. सम आकडा असला की बंद, विषम असला की चालू.

ब्राउझर एकच फंक्शन त्याच बटणावर त्याच इव्हेंटसाठी (क्लिकसारख्या घटनेसाठी) दुसऱ्यांदा लावू देत नाही, दुसरी नोंद गुपचूप सोडून देतो. पण लूपच्या आत तिथल्या तिथे लिहिलेलं निनावी फंक्शन प्रत्येक वेळी नवं असतं. मजकूर तोच दिसला तरी ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी फंक्शनं आहेत.

पहिलीपायरी:
कागदावर मांडलं आणि तंतोतंत जुळलं. 'बंद पडलं' आणि 'दोनदा चाललं' बाहेरून सारखंच दिसतं हे कधी सुचलंच नसतं.

निळीशाई:
माझ्याकडे याच्या उलट झालं होतं. मी नवी ओळ यादीच्या इनरएचटीएमएलला अधिक-बरोबर करून जोडायचे. त्याने जुन्या ओळीही पुसून नव्याने तयार होतात, त्यांच्यावरचे लिसनर जातात आणि सगळंच पान मुकं होतं. तुम्ही क्रिएटएलिमेंट वापरताय ते योग्यच आहे.

रात्रपाळी:
आता मुद्द्याचं. या सगळ्या अडचणी एका समजुतीतून येतात: क्लिक बटणावर होतो आणि बटणावरच संपतो. तसं नसतं.

तुम्ही बटण दाबता तेव्हा तो इव्हेंट आधी वरून खाली उतरतो. विंडो, डॉक्युमेंट, बॉडी, मग तुमची यादी, मग ती ओळ, मग बटण. तिथे पोचून तो त्याच वाटेने वर परततो. पाण्यातला बुडबुडा वर येतो तसा, म्हणून या परतीला बबलिंग म्हणतात. वाटेत ज्या कुणी क्लिकसाठी लिसनर लावला असेल त्याला तो भेटत जातो. म्हणजे १२० बटणांच्या दारात १२० माणसं उभी करायची गरज नाही. यादीच्या दारात एक जण पुरेसा आहे, कारण आतला प्रत्येक क्लिक त्याच दारातून बाहेर पडणार आहे.

कोड शब्दांत सांगतो, टाइप तुम्हीच करा. यादीच्या यूएल घटकावर क्लिकसाठी एकच लिसनर लावा. त्याच्या फंक्शनला इव्हेंट मिळतो. इव्हेंटच्या टार्गेटमध्ये प्रत्यक्ष दाबलेला घटक असतो. त्याच्या डेटासेटमधून कृती वाचा, वरच्या ओळीच्या डेटासेटमधून आयडी वाचा, आणि कृतीप्रमाणे तीनपैकी एक फंक्शन बोलवा. लूप पूर्ण काढून टाका. नवी ओळ उद्या जोडा नाहीतर तासाभराने जोडा, तिच्यासाठी वेगळं काही लिहावं लागणार नाही. याला इव्हेंट डेलिगेशन म्हणतात.

निळीशाई:
हे पटतं, पण एक भर घालते. पानावर चारच बटणं असतील, कायमची, आणि चारांची कामं अगदी वेगळी, तर प्रत्येकाला स्वतःचा लिसनर लावलेला वाचायला सोपा पडतो. आणि १२० लिसनर ब्राउझरला जड होतात म्हणून डेलिगेशन करा असं सांगितलं जातं, ते मला फारसं खरं वाटत नाही. १२० तो सहज पेलतो. खरा फायदा नंतर येणाऱ्या बटणांचा आहे.

रात्रपाळी:
पूर्ण सहमत. वेगासाठी मीही ते सुचवलेलं नाही.

पहिलीपायरी:
लूप गेला, एक लिसनर राहिला, नवी ओळ लगेच बोलू लागली. इतका आनंद झाला की रात्री दीडला घरातल्यांना उठवून दाखवलं.

पण (हा 'पण' माझी पाठ सोडत नाही) 'काढा' बटणावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे, एसव्हीजी. बटणाच्या कडेला क्लिक केलं तर पुस्तक जातं. बरोबर मध्यभागी, चित्रावर केलं तर काहीच होत नाही. टार्गेट कन्सोलमध्ये छापून बघितलं. कडेला बटण दिसतं, मध्ये 'पाथ' असं काहीतरी येतं.

कंसातला:
छापून बघितलंत हे उत्तम केलंत, अर्धं उत्तर तिथेच आहे. टार्गेट म्हणजे बोटाखाली सगळ्यात आत असलेला घटक. डब्याच्या चित्रात झाकणाची आणि बाजूंची आकृती पाथ नावाच्या घटकांनी काढलेली असते. तुम्ही त्यातल्या एका आकृतीवर क्लिक केलंत. तिच्यावर डेटा-कृती नाही, ती बटणावर आहे.

उपाय आहे क्लोजेस्ट. टार्गेटला क्लोजेस्ट विचारा आणि त्याला सांगा की डेटा-कृती असलेलं बटण हवंय. ते स्वतःपासून सुरुवात करून एकेक पायरी वर चढत जातं आणि पहिलं जुळणारं सापडलं की तेच देतं. पाथवरून एसव्हीजी, एसव्हीजीवरून बटण. बटणावरच क्लिक असेल तर पहिल्या पायरीलाच सापडतं. ओळही तशीच मिळवा, बटणाला क्लोजेस्ट एलआय (यादीतल्या ओळीचा टॅग) विचारून.

आणि त्याच्या लगेच खाली एक ओळ विसरू नका: बटण सापडलं नाही तर रिटर्न. पुस्तकाच्या नावावर किंवा दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेवर कुणी क्लिक केलं तरी तो क्लिक यादीच्या दारात येतोच. तिथे क्लोजेस्ट नल, म्हणजे 'काहीच नाही', देतं आणि नलचा डेटासेट वाचायला गेलात की एरर.

जुनाजाणता:
इथे थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण इव्हेंटचं उतरणं आणि चढणं दोन्ही का आहे असा प्रश्न पडू शकतो. नव्वदच्या दशकात नेटस्केप ब्राउझर इव्हेंट वरून खाली नेत असे आणि इंटरनेट एक्सप्लोरर खालून वर. नोव्हेंबर २०००मध्ये डॉम (पानातल्या घटकांची रचना) लेव्हल २ इव्हेंट्सचं मानक आलं तेव्हा दोन्ही फेऱ्या ठेवल्या, आधी उतार आणि मग चढ. ॲडइव्हेंटलिसनर त्याच मानकातला. इंटरनेट एक्सप्लोररने मात्र तो नवव्या आवृत्तीत, २०११मध्ये घेतला. तोवर आम्ही प्रत्येक लिसनर दोन तऱ्हांनी लिहायचो, एक त्याच्यासाठी आणि एक बाकीच्यांसाठी. आज तुम्ही एका ओळीत जे करता त्यामागे तेवढी वर्षं आहेत.

पहिलीपायरी:
क्लोजेस्टने काम झालं. डब्याच्या झाकणावर नेम धरून क्लिक केलं, पुस्तक गेलं.

आणखी दोन गोष्टी विचारून घेते. एक, तो खाना आणि 'जोडा' बटण आता फॉर्म टॅगमध्ये घातलं, तेव्हापासून बटण दाबलं की पान रीलोड होतं आणि जोडलेलं पुस्तक दिसेनासं होतं. दुसरं, 'वाचलं' दाबल्यावर सर्व्हरला कळवते, अवेट लावून, म्हणजे उत्तराची वाट बघून. उत्तर आल्यावर यादीला 'जतन झालं' असा क्लास द्यायला इव्हेंटचं करंटटार्गेट वाचलं तर नल येतं. अवेटच्या आधीच्या ओळीत छापलं तर यूएल दिसतो.

रात्रपाळी:
पहिलं: फॉर्ममधल्या बटणाला प्रकार दिला नाही तर ते सबमिट धरलं जातं. फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर लिसनर लावा आणि त्यात प्रिव्हेंटडिफॉल्ट बोलवा, ते ब्राउझरचं ठरलेलं काम, इथे रीलोड, थांबवतं. बटणाचा प्रकार 'बटण' करूनही ते दाबल्यावरचा रीलोड थांबेल, पण मग खान्यात नाव लिहून एंटर दाबणाऱ्याचं पुस्तक जोडलं जाणार नाही. यादीतली तिन्ही बटणं मात्र प्रकार 'बटण' अशीच ठेवा.

दुसरं: करंटटार्गेट म्हणजे ज्याच्यावर लिसनर लावला तो घटक, तुमच्याकडे यूएल. इव्हेंटचा प्रवास चालू असेपर्यंतच ते भरलेलं असतं. प्रवास संपला की ब्राउझर ते रिकामं करतो. अवेटनंतरची ओळ चालते तेव्हा प्रवास केव्हाच संपलेला असतो. जे लागणार आहे, बटण, ओळ, यादी, ते फंक्शनच्या सुरुवातीलाच कॉन्स्टमध्ये घेऊन ठेवा. आणि अवेटच्या आधी बटण डिसेबल करा, उत्तर आलं की परत चालू करा. नाहीतर उत्तराला उशीर झाला की माणूस तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो आणि सर्व्हरला तेच चारदा कळतं. विनंती फसली तरी बटण चालू व्हायला हवं, म्हणून ती ओळ फायनलीमध्ये (विनंती जमली किंवा फसली तरी चालतोच त्या भागात) लिहा.

निळीशाई:
हृदयाचं 'आवडलं' खरंच बटण टॅगमध्ये आहे ना? अनेकदा तिथे डिव्ह असतो. माउसने तो चालतो, पण कीबोर्डवर टॅब दाबत आलेला माणूस त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बटण टॅग असेल तर एंटर आणि स्पेस दाबल्यावरही क्लिक इव्हेंटच येतो आणि तुमचा यादीच्या दारातला लिसनर तो तसाच घेतो.

पहिलीपायरी:
डिव्हच होता. बदलला. माउस बाजूला ठेवून सगळी यादी टॅब आणि स्पेसने चालवून बघितली, सगळं चाललं.

आता अख्ख्या पानावर दोनच लिसनर उरलेत, एक यादीवर क्लिकचा आणि एक फॉर्मवर सबमिटचा. पुढचं काम: टॅबने एखाद्या ओळीत गेलं की ती ओळ उजळायची आहे. यादीवर तसाच फोकसचा लिसनर लावला, तो मात्र काही ऐकत नाही.

कंसातला:
फोकस बबल होत नाही, तो वर परततच नाही. त्याच कामासाठी फोकसइन आणि फोकसआउट आहेत, ते दोन्ही परततात. नाव बदला, बाकी कोड तसाच राहू द्या.

पहिलीपायरी:
उजळली.